ब्रश-पेस्टशिवाय दात घासायचे असतील तर: काडी, मंजन आणि गुळण्या नीट कशा वापरायच्या

दात किडतात आणि हिरड्या सुजतात त्या दातांवर रोज बसणाऱ्या चिकट, पांढरट थरामुळे. हा थर जिवाणूंचा असतो. तो चूळ भरून निघत नाही, घासूनच काढावा लागतो. पेस्टचा फेस किंवा पुदिन्याची चव त्याला हात लावत नाही. थर काढतात ते ब्रशचे तंतू. म्हणून काडीनेही, म्हणजे झाडाच्या दातवणानेही, दात स्वच्छ राहू शकतात, आणि महागड्या ब्रशनेही कुणाचे दात घाण राहू शकतात. पुढचं सगळं वाचताना हे धरून ठेवा: साधन कोणतंही घ्या, थर निघाला की नाही ते तपासायला शिका.

कीड रोखायला पेस्टमधली मुख्य गोष्ट काम करते, ती म्हणजे फ्लोराइड. पेस्ट सोडली की ते सुटतं. त्याचं काय करायचं ते सातव्या पायरीत आहे. ती पायरी वगळू नका.

१. सुरू करण्याआधी दात तपासून, साफ करून घ्या

थर काही दिवस तसाच राहिला की लाळेतल्या क्षारांनी कडक होतो आणि त्याचं किटण बनतं. किटण काडीने, मंजनाने, मिठाने, कशानेही घरी निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावं लागतं. किटणाच्या खरबरीत पृष्ठभागावर नवा थर पटापट चढतो, त्यामुळे किटण असताना काडी सुरू केली तर हिरड्यांतून रक्त येत राहतं आणि माणूस दोष काडीला देतो.

खाजगी दवाखान्याचा खर्च जड वाटत असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत, किंवा गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात हे काम कमी खर्चात होतं. सकाळी लवकर जावं. सोबत आधार कार्ड, चालू औषधांची यादी आणि आधीचे एक्स-रे असतील तर ते न्यावेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

काडी कुणी चावू नये, तेही इथेच पाहून घ्या: दातांना तारा लावलेल्या असतील, रूट कॅनल होऊन कॅप बसायची राहिली असेल, समोरच्या दातांना कॅप किंवा कृत्रिम दात असतील, दात हलत असतील. अशा दातांवर कडक काडी चावली तर दात किंवा कॅप तुटते. त्यांनी मऊ ब्रशच ठेवावा. मंजन आणि गुळण्यांचा भाग त्यांच्याही उपयोगाचा आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना काडी देऊ नका. तुकडा तुटून घशात अडकू शकतो, आणि घासण्याइतका हातही बसलेला नसतो.

२. सामान

- ताज्या काड्या, आठवड्याला ७ ते १०
- धारदार चाकू किंवा विळी
- सुती फडकं आणि झाकणाचा डबा
- छोटा आरसा आणि चांगला उजेड
- डेंटल फ्लॉस (दातांच्या फटीत फिरवायचा दोरा)
- मऊ तंतूंचा एक साधा ब्रश (का, ते पाचव्या पायरीत)
- खाण्याचा लाल रंग किंवा बिटाचा रस, तपासणीसाठी

बांबूच्या दांड्याचा ब्रश हा वेगळा पर्याय म्हणून विकला जातो. दांडा बांबूचा असला तरी तंतू बहुतेक वेळा नायलॉनचेच असतात. ज्यांचे तंतू 'पूर्ण नैसर्गिक' असं लिहिलेलं असतं ते बरेचदा डुकराच्या केसांचे असतात. शाकाहारी घरात घेताना वेष्टन वाचून घ्या.

३. काडी कोणत्या झाडाची

कडुनिंब. सगळ्यात सहज मिळणारी. तंतू मध्यम कडक, रस कडू, लाळ भरपूर सुटते. मात्र बकाणा निंबाशी गल्लत करू नका. कडुनिंबाचं पान एकदाच विभागलेलं असतं: एक दांडा आणि त्याला दोन्ही बाजूंनी कोयत्यासारखी वाकडी, दातेरी पानं. बकाण्याचं पान दोन-तीनदा विभागलेलं असतं, म्हणजे दांड्याला उपदांडे आणि उपदांड्यांना पानं. कडुनिंबाचा मोहर पांढरा, बकाण्याची फुलं जांभळट. बकाण्याची फळं विषारी असतात, त्यामुळे त्याची काडी तोंडात घालायचं कारण नाही.

बाभूळ. विदर्भ-मराठवाड्यात आणि देशावर हीच जास्त चालते. साल तुरट असते, त्यामुळे हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात. गोल पिवळी फुलं आणि जोडीने येणारे सरळ पांढरे काटे ही ओळख. काटे बुंध्यापासून तासून घ्या, नुसते मोडू नका. मोडलेल्या काट्याचं टोक सालीत राहतं आणि ओठाला लागतं. सुबाभूळ आणि वेडी बाभूळ ही वेगळी झाडं आहेत.

करंज. रस्त्याकडेला आणि नदीकाठी भरपूर. कडू-तुरट. तंतू बाभळीपेक्षा मऊ, म्हणून नवशिक्यांना बरी पडते.

वडाची पारंबी. जमिनीकडे येणारं कोवळं टोक घ्यायचं. हिरड्या दुखऱ्या असतील तर ही घ्या, पण मऊ असल्यामुळे घासण्याला जोर कमी. चीक निघतो तो पुसून टाका.

पिलू, म्हणजे मिसवाक. याच्या मुळाची काडी वापरतात. तंतू आपसूक समांतर सुटतात, म्हणून सगळ्या काड्यांत वापरायला हीच सोपी. मुंबईत मोहम्मद अली रोडच्या परिसरात आणि ठिकठिकाणी मशिदींजवळच्या दुकानांत मिळते, रमजानमध्ये तर हमखास. हवाबंद पाकिटातली घ्या. उघड्यावर वाळून पिवळी-तपकिरी झालेली मुळं चावली की भुगा होतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९८० च्या दशकात, जिथे अशी काडी वापरायची रीत आहे तिथे तिला उत्तेजन द्यावं, अशी भूमिका घेतली होती.

कोकणात आणि गोव्यात आंब्याच्या पानाने दात घासायची रीत होती: पान मधल्या शिरेवरून दुमडून दात चोळायचे आणि शिरेने जीभ खरवडायची. पान दातांच्या सपाट भागावर चालतं, फटीत आणि हिरडीच्या कडेला पोचत नाही. आंब्याच्या चिकाने काहींचे ओठ सुजतात. कैरी सोलताना हात खाजत असतील तर त्या वाटेला जाऊ नका.

आयुर्वेदाच्या जुन्या याद्यांत रुई आणि कण्हेर यांचीही नावं सापडतात. ती वाचून कुणी काडी तोडू नये. कण्हेर हृदयावर परिणाम करणारं विषारी झाड आहे आणि रुईचा चीक तोंड भाजतो.

काडी कुठून आणावी यालाही महत्त्व आहे. वर्दळीच्या रस्त्याकडेचं, फवारणी झालेल्या बांधावरचं किंवा गटाराजवळचं झाड नको. दुसऱ्याच्या किंवा सोसायटीच्या झाडाला विचारल्याशिवाय हात लावू नका. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि फांद्या तोडण्यावरही बंधनं आहेत. मुंबईत काही उपनगरी स्टेशनांबाहेर सकाळी दातवणाच्या जुड्या विकायला येतात. घेताना एक काडी वाकवून पाहा. ताजी काडी वाकते आणि साल ओलसर लागते, शिळी कटकन मोडते.

४. काडी तयार करणं

जुन्या ग्रंथांतलं माप आजही उपयोगाचं आहे: बारा अंगुळं लांब आणि करंगळीच्या टोकाइतकी जाड. म्हणजे साधारण २० सेंटिमीटर. जाड काडी गालाच्या आत वळत नाही, बारीक काडीचे तंतू दोन घासण्यांत झडतात.

1. गाठ नसलेला, सरळ तुकडा घ्या. गाठीपाशी तंतू आडवे असतात आणि तिथे काडी चिरते.
2. पानं, काटे तासून वाहत्या पाण्याखाली धुवा.
3. घासायच्या टोकाची साल एक सेंटिमीटर काढा. पिलूला हे करावंच लागतं. कडुनिंबाची साल ठेवली तरी चालते, पण कडवटपणा वाढतो.
4. काडी आदल्या दिवशीची असेल तर टोक १५ मिनिटं पाण्यात ठेवा. पिलूचं टोक रात्रभर ठेवू नका, त्यातला अर्क पाण्यात उतरतो.
5. टोक दाढांखाली धरून हलके चावा, प्रत्येक चाव्यानंतर काडी थोडी फिरवा. दोन-तीन मिनिटांत कुंचा तयार होतो. एकाच दाढेने जोर लावून चावू नका.
6. तंतू मऊ होऊन सुटे झाले पाहिजेत. बोटाच्या पेराच्या मागच्या बाजूला फिरवून पाहा. तिथे टोचलं तर हिरडीला नक्की टोचणार. अजून चावा.

लाळ थुंका, गिळू नका. गरोदर बाईंनी कडुनिंबाचा रस पोटात जाऊ देऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही 'कडू म्हणजे साखरेला चांगलं' म्हणून तो गिळू नये.

वापरून झालं की तेवढं टोक कापून टाका. उरलेली काडी जिभेसाठी चिरली नसेल (ते पाचव्या पायरीत) तर ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, चार-पाच दिवस टिकते. पाण्याच्या ग्लासात उभी ठेवाल तर पाणी रोज बदला, पावसाळ्यात सालीवर बुरशी दिसली की काडी फेकून द्या. बारा सेंटिमीटरपेक्षा आखूड झालेली काडी वापरू नका.

५. घासायची पद्धत

बहुतेकांचं बिघडतं ते इथेच. काडी तोंडात धरून चावत अंगणभर फिरलं म्हणजे दात घासले असं होत नाही. आणि आडवं खसाखसा घासलं तर काही वर्षांत हिरडी खाली सरकते, दाताच्या मानेपाशी खाच पडते आणि गार पाण्याने सणक जाते. काडीमुळे असं झालेल्या खाचा सहसा समोरच्या दातांवर आणि सुळ्यांवर दिसतात, कारण हात तिथेच जास्त फिरतो.

काडी पेनासारखी धरा. मुठीत धरली की जोर आपोआप जास्त लागतो. कुंचा हिरडी आणि दात मिळतात त्या रेषेवर टेकवा आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे ओढा: वरचे दात वरून खाली, खालचे खालून वर. एका दातावर सात-आठ वेळा. मग पुढचा दात. काडीचा कुंचा ब्रशच्या डोक्यापेक्षा खूप लहान असतो, म्हणून ब्रशला दोन मिनिटं पुरतात तिथे काडीला किमान पाच ते सात मिनिटं द्या.

क्रम ठरवून टाका, नाहीतर डावी-उजवी बाजू चुकते. उजव्या वरच्या शेवटच्या दाढेपासून सुरू करून बाहेरच्या बाजूने डावीकडे जा, तसंच खाली परत या. मग आतल्या बाजू. शेवटी दाढांचे चावायचे भाग, तिथे पुढे-मागे घासलेलं चालतं.

दोन जागांवर जास्त लक्ष द्या: खालच्या पटाशीच्या दातांची जिभेकडची बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू. लाळेच्या मोठ्या ग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात, म्हणून किटण तिथे सर्वांत आधी धरतं.

आतल्या बाजूला सरळ काडी पोचत नाही. ओला कुंचा दातावर दाबून एका बाजूला वळवा आणि वळलेल्या तंतूंनी घासा. पिलूला हे छान जमतं, कडुनिंबाला थोडं, बाभळीला जवळपास नाहीच. शेवटच्या दाढांची मागची आणि आतली बाजू काडीने स्वच्छ करणं फार थोड्यांना साधतं. तेवढ्यासाठी मऊ ब्रश ओला करून, पेस्ट न लावता वापरा. काडीची निष्ठा म्हणून चार दाढा किडू देऊ नका.

दातांच्या फटी काडीने साफ होत नाहीत. ब्रशनेही होत नाहीत. रात्री एकदा फ्लॉस फिरवा: ४० सेंटिमीटर दोरा, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळून, फटीत हलके उतरवून दाताला इंग्रजी 'सी'सारखा वेढा देऊन वर-खाली. काडेपेटीची काडी, टाचणी, सेफ्टी पिन यांनी हिरडीला जखम होते.

जिभेसाठी वेगळं काही लागत नाही. दात घासून झाले की तीच काडी मधोमध उभी चिरा, दोन पट्ट्या होतात. एक पट्टी दोन्ही हातांत धरून कमानीसारखी वाकवा आणि आतला ओला, गुळगुळीत भाग जिभेवर मागून पुढे तीन-चारदा ओढा. चिरलेल्या कडेवर कूस असेल तर आधी चाकूने तासून घ्या.

दिवसातून दोनदा घासायचं. काडी ही सकाळचीच गोष्ट असा समज पक्का आहे, पण झोपेत लाळ कमी होते आणि जिवाणूंचं काम रात्रीच फावतं. लिंबू सरबत, सोलकढी, चिंच, कैरी असं आंबट खाल्ल्यावर अर्धा तास थांबा. आम्लाने दाताचं कवच थोडा वेळ मऊ पडलेलं असतं.

६. मंजन हवंच असेल तर

काडीला मंजन लागत नाही. बोटाने किंवा ओल्या ब्रशने घासणाऱ्यांना हवं असतं. एका माणसाला महिनाभर पुरेल असं ६० ग्रॅम मंजन:

- बाभळीच्या सालीचं चूर्ण २५ ग्रॅम
- कडुनिंबाच्या सालीचं चूर्ण १५ ग्रॅम
- खायचा सोडा १० ग्रॅम
- लवंगेचं चूर्ण ५ ग्रॅम
- सैंधव ५ ग्रॅम

सगळं कोरडं दळून वस्त्रगाळ करा. स्टीलच्या भांड्यावर मलमलचं दुहेरी फडकं ताणून बांधा, वर चूर्ण घाला आणि भांडं हलकं आपटत राहा. वर राहिलेला चोथा पुन्हा दळा, बोटाने रगडून खाली पाडू नका. तयार मंजन चिमटीत चोळल्यावर टाल्कम पावडरसारखं लागलं पाहिजे. पुढच्या दातांत करकरलं तर पुन्हा गाळा. पिठाच्या चाळणीने हे काम होत नाही. पावसाळ्यात मीठ-सोडा पाणी ओढतात आणि गोळे होतात, तेव्हा डबा घट्ट झाकणाचा ठेवा आणि ओलं बोट थेट त्यात घालू नका.

सोड्यात तीन चुका होतात. बेकिंग पावडरमध्ये आम्ल असतं, ती नको. धुण्याचा सोडा तोंड भाजतो, तो तर मुळीच नको. आणि सोड्यात लिंबू पिळून दात पांढरे करायचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. लिंबाने कवच विरघळतं आणि एकदा गेलेलं कवच परत येत नाही.

राखुंडी, कोळशाची पूड, विटेची पूड, जाड मीठ यांनी दात दोन दिवस चकचकीत दिसतात, कारण ते झिजतात. कवच पातळ झालं की आतला पिवळा थर दिसू लागतो, म्हणजे दात आणखी पिवळे. गेरू घातलेल्या लाल मंजनांबद्दलही तीच सावधगिरी. लवंगेचं तेल निखळ हिरडीला लावू नका, भाजतं. त्याने दुखणं बधिर होतं, कीड थांबत नाही.

मिश्रीबद्दल स्पष्ट लिहायला हवं. तव्यावर काळी भाजलेली तंबाखू म्हणजे मिश्री. ती तंबाखूच आहे, मंजन नव्हे. दंतमंजन आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला भारतात १९९२ पासून बंदी आहे, तरी घरी भाजून लावणं चालूच आहे, विशेषतः बायकांमध्ये. दातदुखी थांबते म्हणून सुरू होते आणि दिवसातून चार-पाच वेळा लागते. तोंडाचा कर्करोग, गरोदरपणी बाळाचं वजन कमी भरणं, हिरड्या सुटणं हे सगळं तिच्यामागे येतं. काडीकडे वळणाऱ्या घरात आजी किंवा काकू मिश्री लावत असतील तर त्यांना रागावू नका. सोडताना डोकं दुखतं, चिडचिड होते, त्यासाठी मदत लागते. सरकारची मोफत हेल्पलाइन १८००-११-२३५६ वर बोलता येतं. तलफ येते ती वेळ मारून न्यायला काडी चावणं मात्र खरंच उपयोगी पडतं, कारण हाताला आणि तोंडाला काम मिळतं.

७. फ्लोराइडचं काय

दाताचं कवच आम्लाने विरघळू लागलं की फ्लोराइड ते पुन्हा घट्ट व्हायला मदत करतं. काडीत आणि घरच्या मंजनात ते पुरेसं नसतं. ज्यांना आधीपासून किडलेले दात आहेत, तोंड कोरडं पडतं, गोड वारंवार खाल्लं जातं, किंवा घरात लहान मुलं आहेत, त्यांनी ते सोडू नये. साधा तोडगा: सकाळी काडी, रात्री मटारच्या दाण्याएवढी फ्लोराइड पेस्ट. पेस्ट काडीच्या कुंच्याला लावूनही घासता येते. थुंकल्यावर लगेच खळखळून चूळ भरू नका. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट, तीही मोठ्यांच्या हाताने.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं आणि मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी डाग येतात. लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर आधी पिण्याचं पाणी बदलायला हवं. मुलांच्या पेस्टचं तिथे दंतवैद्याला विचारून ठरवा.

८. गुळण्या आणि तेल

हे घासण्याच्या जोडीला आहेत, घासण्याऐवजी नाहीत. मिठाच्या गुळण्यांना पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. त्रिफळ्याच्या काढ्यासाठी एक चमचा चूर्ण २०० मिली पाण्यात निम्मं होईपर्यंत उकळून गाळून घ्या, पण स्टीलच्या भांड्यात. लोखंडी कढईत तो शाईसारखा काळा होतो.

तेल धरायचं असेल तर अनशापोटी एक मोठा चमचा तिळाचं किंवा खोबरेल, दहा मिनिटं तोंडात हलवून कचऱ्याच्या डब्यात थुंका. बेसिनमध्ये थुंकलेलं खोबरेल थंडीत गोठून पाइप तुंबवतं. तेल हलवताना बोलू नका, झोपून करू नका. तेल श्वासनलिकेत गेलं तर फुफ्फुसाला त्रास होतो, म्हणून लहान मुलं आणि ठसका लागणारी म्हातारी माणसं यांना हे नको.

९. थर निघाला का, ते पाहा

पहिला महिनाभर आठवड्यातून एकदा, रात्री घासून झाल्यावर. ओठांना व्हॅसलीन लावा. दोन मोठे चमचे पाण्यात खाण्याच्या लाल रंगाचे तीन-चार थेंब टाकून अर्धा मिनिट खळखळवा, थुंका, साध्या पाण्याने एकदाच चूळ भरा. आता उजेडात आरसा धरा. जिथे लाल-गुलाबी रंग राहिला, तिथे थर राहिला. बहुतेकांना तो हिरडीच्या कडेला बारीक रेघेसारखा आणि खालच्या दातांच्या आतून दिसतो. त्या जागा पुन्हा घासा आणि रंग जाईपर्यंत किती वेळ लागतो ते बघा. तेवढा वेळ तिथे रोज द्यायचा. तीन-चार आठवडे करूनही ठरावीक जागी रंग राहतच असेल तर त्या जागेपुरता ब्रश कायम ठेवा.

सुरुवातीचे काही दिवस हिरड्यांतून थोडं रक्त येऊ शकतं. दोन आठवड्यांनंतरही येत असेल, गार-गरम लागत असेल, हिरडी सरकलेली दिसत असेल किंवा तोंडातली जखम पंधरा दिवसांत भरत नसेल, तर काडी थांबवून दंतवैद्याला दाखवा. सगळं ठीक असलं तरी दर सहा महिन्यांनी एकदा तपासणी करा.

परदेशी राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: गावाहून निघताना कडुनिंबाच्या ताज्या काड्या बॅगेत भरू नका. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका इथे वनस्पतींचे ताजे भाग विमानतळावर जाहीर करावे लागतात. जप्त होतात, आणि न सांगता नेले तर दंडही बसतो. तिथल्या अरबी किंवा भारतीय किराणा दुकानांत हवाबंद पिलू मिळतो, तो घ्या.